कापलेल्या स्प्रिंगा

धाकट्या भावावर, प्रेमवर, पंचशीलाची माया होती. किंमत मात्र तिनं त्याला कधीच दिली नाही. ती नांदेडच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवायची. प्रेम मुखेडात वडिलांच्या माघारी उरलेली जुनी सेडान पुसत बसायचा. त्याला दुसरा उद्योग नव्हता.

एका शनिवारी ती घरी आली, तर गाडी दारात पोट टेकल्यासारखी बसलेली.

"स्प्रिंगा कापल्यास?"

"हाव. महांतेशच्या गॅरेजात. ग्राइंडरनं वेटोळे उडवले. लुक बघ की ताई."

"लुक बघितला. अक्कल दिसना कुठं."

त्याच गाडीतून आईला, भामाबाईला, कंबर दाखवायला नांदेडला न्यायचं होतं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला चाकं आत जाऊन धाडकन आपटायची आणि भामाबाई ओठ दाबून धरायची. एका गावाच्या स्पीडब्रेकरवर तर गाडी मधोमध अडकली.

"उतरा जरा, वजन कमी होईल," प्रेम म्हणाला.

भामाबाई कंबरेवर हात ठेवून उन्हात उभी राहिली. हॉटेलापुढची माणसं हसत होती. आणि प्रेम वाकून बंपरचा रंग गेला का, ते बघत होता. पंचशीलानं त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.

महांतेश तिला त्याच माळेचा मणी वाटला. "मॅडम, ओरिजिनल स्प्रिंगा टाका, न्हाईतर ऱ्हाऊ द्या अशीच," एवढंच ज्ञान त्याच्यापाशी. खरं तर ओरिजिनल टाकल्या असत्या तर प्रश्न मिटला असता. पण जराशी खाली बसलेली गाडी तिलाही आवडली होती, आणि याचाच तिला जास्त राग आला.

तिनं त्याच मॉडेलच्या, थोड्याच आखूड आणि किंचित कडक स्प्रिंगा मागवल्या. गळके शॉकअप काढून त्या उंचीला जमणारे नवे बसवले, फाटलेले रबरी स्टॉपर बदलले, चाकांचं अलाइनमेंट समोर उभं राहून करून घेतलं. पुढच्या खेपेला भामाबाई नांदेड येईपर्यंत मागच्या सीटवर घोरत होती.

"एवढीच खाली?" प्रेमनं तोंड वाकडं केलं.

पुढं हदगावला चुलतबहिणीचं लग्न होतं. मांडवाबाहेर बॉनेटवर हात ठेवून प्रेम पाहुण्यांना सांगत होता, "नुसतं कापून भागत न्हाई. स्प्रिंग आखूड केली की शॉकअप तिच्या जोडीचा लागतो. मी सगळं बसून जमवलं."

शब्द पंचशीलाचे होते, तिनंच त्याला झापताना वापरलेले.

शेषेरावमामा तिच्याकडं वळले. "पोरगं हुशार निघालं की, बाई."

"हाव मामा. लई," ती म्हणाली, आणि आईसाठी पंगतीत जागा धरायला निघून गेली.