रांजणातला पखवाज

घरात जुने सेल साठतात ना, तसे हे किस्से साठलेत. सेल बॅटरीतून काढायचे, कोनाड्यात ठेवायचे आणि "उन्हात ठेवले की परत चालतील" म्हणायचं. टाकवत काही नाहीत. माझ्या कोनाड्यात आमच्या भजनी मंडळाचे लई पडलेत. नातू म्हणतो, लिहून काढा. मी चौथीत शाळा सोडली, म्हणजे मास्तरनंच सोडवली. कुठं चुकलं तर सुधारून घ्या. मला सांगायला येऊ नका.

आमचं गाव शेवगावच्या अंगाला. मंडळात मी टाळ वाजवायचो आणि सगळ्यांवर खेकसायचो. गेनातात्या गायचा. शाळेतले गुरुजी पेटीवर. आणि पखवाजाला भगवान. त्याच्या आधी त्या जागेवर त्याचा बाप बसायचा.

भगवानच्या हाताला तोड नव्हती. पण पुढं पुढं दसरा झाला की तो बायको-पोरं आणि कोयता घेऊन ऊसतोडीला जायचा. घरी राहायची एकटी म्हातारी आई. आणि आमची जत्रा माघात! दोन वर्षं जत्रेचं भजन नुसत्या टाळावर झालं. तिसऱ्या वर्षी पाटलांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "औंदा जत्रंला ज्याचा पखवाज वाजंल, जागा त्याची. बापाची जागा म्हून किती दिस मोकळी ठिवायची?"

पाटलांचा पुतण्या नुकताच पखवाज शिकून आला होता. आता समजा काय ते.

भगवाननं पखवाजाची वादी, म्हणजे चामड्याची दोरी, आवळली, सोडली, परत आवळली. तेव्हा गुरुजी म्हणाले, "ज्याचा पखवाज वाजेल, असं म्हणालेत ना पाटील? मग भगवानचा वाजेल. जायच्या आधी आपण तो टेप करून ठेवू."

"लोणचं हाय का भरून ठिवायला?" मी खेकसलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत मीच आधी जाऊन बसलो होतो.

*

नगरच्या दुकानात गुरुजी, गेनातात्या आणि मी. दुकानदारानं एक मोठं रिळांचं मशीन काढलं. जात्यापेक्षा जड. म्हणाला, "ह्यात एका फितीवर दोन आवाज शेजारी-शेजारी राहतात. आधी पखवाज भरा, मग गाणं. एक दुसऱ्याला पुसत नाही."

गेनातात्या पुढं सरकला. "म्हंजी पखवाज आज भरला आन मी चार दिसांनी आलो, तरी चालंल?"

"चालेल की."

"गुरुजी, हेच घ्या!"

वीस वर्षांत तात्या एकदाही वेळेवर आला नव्हता. पण ते मशीन विजेवरचं. आमच्या गावात खांब येऊन उभे होते, तारा यायच्या होत्या. मग दुकानदारानं सेलवरचं कॅसेटचं मशीन दाखवलं, जेवणाच्या डब्याएवढं. मी म्हणालो, बैल घेताना आम्ही चालवून बघतो, हेही चालवून दाखव. त्यानं माईक माझ्या तोंडापुढं धरला. मी बोललो, "ए, नीट वाजतंय का रं हे?"

त्यानं परत लावलं. आतून कोणीतरी कुत्र्यासारखं वसकन अंगावर आलं.

"हा कोण खेकसतोय?"

गुरुजी हळूच म्हणाले, "तुम्हीच."

"माझा आवाज असा न्हाई. हे खराब हाय, दुसरं काढ."

दुसरं काढलं. तेही खेकसलं. तिसरं काढलं. तेही! शेवटी गेनातात्यानं हात जोडले. "दादा, मशिनी बदलून काय उपेग न्हाई. आमी वीस वर्सं ह्योच आवाज ऐकतोय!"

पहिलंच घेतलं.

*

त्याच दुकानात आवाज घुमवायची एक पेटी होती. बोललं की देवळाच्या गाभाऱ्यात बोलल्यासारखं तीन-तीनदा ऐकू यायचं. तात्याचा जीव त्या पेटीवर जडला. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढला. म्हणालो, "घुमायला आपल्याकडं कोरड्या हिरी काय कमी हायत?"

पावसानं दगा दिलेलं साल होतं ते. गावची विहीर तळापर्यंत कोरडी. आम्ही दोर धरून उतरलो. मी, गुरुजी, भगवान, पखवाज आणि मशीन. तात्याला काठावर ठेवला, कारण त्याला वर ओढणार कोण?

भगवाननं पहिली थाप मारली आणि आहाहा! एकाचे चार पखवाज झाले. भगवानचं तोंड असं फुललं की मीसुद्धा खेकसायचं विसरलो. त्यानं बोल चढवत नेले. पाच मिनिटं झाली असतील, वर बघतो तर विहिरीच्या काठावर सगळ्या गावाची डोकी! बायका हंडे, घागरी घेऊन. एकीच्या हातात हळदीकुंकवाचं ताट. एकीच्या हातात नारळ.

आमच्याकडं विहिरीला पाणी लागलं की खोदणारे आधी वाजवतात, मग वर येतात. ते आम्ही चौघंही साफ विसरलो होतो.

आम्ही वर आलो. नारळवाल्या काकूंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. कोणाच्या पायाला चिखल नाही. त्या म्हणाल्या, "पानी न्हाई तर न्हाई. वाजवलं ग्वाड. पर परत हिरीत उतराल तर वरनं दगड टाकीन!"

नारळ त्यांनी आमच्यासमोर फोडला आणि पोरांना वाटला. आम्हाला तुकडा नाही.

*

विहीर गेली. मग गुरुजींनी रांजण काढला. भगवानच्या घरी एक मोठा रांजण होता, पाणी नाही म्हणून रिकामाच. त्याच्या आत माईक सोडायचा आणि तोंडाशी बसून वाजवायचं. विहिरीएवढा नाही, पण आवाज गोल यायचा.

एक चाचणी घेऊ, म्हणून पखवाज भरला. गुरुजींनी मेहुण्याचं दुसरं मशीन मागून आणलं. एकातून पखवाज वाजायचा, तात्यानं त्यावर गायचं आणि दुसऱ्यात दोन्ही मिळून भरायचं. दोन ओळी झाल्या. तात्याच्या तोंडात तंबाखू. तो सवयीनं उठला, दारात जाऊन थुंकला आणि परत आला. तोवर मशीनमधला पखवाज पार पुढं गेलेला!

"थांब की रं!" तात्या मशीनवर ओरडला. "दम धर!"

मशीन कशाला दम धरतंय?

"भगवान थांबतो माझ्यासाटी. ह्याला काय धाड भरली?"

मी म्हणालो, "तंबाखू सोड."

तात्या म्हणाला, "गाणं सोडीन."

दुसऱ्या मशीनमध्ये हे भांडण सगळं भरलं गेलं. ती कॅसेट आम्ही नंतर भजनाच्या कॅसेटपेक्षा जास्त वेळा ऐकली.

भगवान कोपऱ्यात हसत होता. म्हणाला, "तात्या, तुमी माझ्यासमोर बसा. मनातल्या मनात गा. थुकायचं तवा उठा. मी जागा सोडतो." वीस वर्षं ज्याचं थुंकणं मोजलंय, त्याला काय अवघड?

*

खरं भरण ठरलं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि मुकादमाचा ट्रक आला दुपारच्या ऐवजी सकाळीच! दारात हॉर्न. बायको-पोरं, भांडी, शेळी, सगळं वर चढलेलं. आम्ही आत रांजणाभोवती.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. घरात गहू तेवढ्यापुरतेच. म्हातारीनं कणकेचा गोळा आणून दिला आणि म्हणाली, "पखवाजाला गहू आन आमाला बाजरी. कर मज्जा!" मग चुलीकडं गेली. तिथनं तिचं सुरू झालं, "भगवान, जेवलास का?" वाजवायला घेतलं की, "भगवान, भाकर खाल्ली का?" दोनदा आम्ही थांबवून परत पहिल्यापासून भरलं. गुरुजी वैतागले. म्हणाले, "आता थांबायचं नाही. माईक रांजणात आहे, चुलीपाशी कोणी काही बोललं तर आत येत नाही. वाजव!"

बाहेर हॉर्न, चुलीपाशी म्हातारीचं चालूच. समोर तात्या नुसते ओठ हलवत, दोनदा थुंकायलाही उठला. भगवाननं डोळे मिटले आणि एका दमात वाजवलं. शेवटची थाप मारली, पखवाजाला नमस्कार केला आणि पळत जाऊन ट्रकवर चढला. ऐकून बघायलाही थांबला नाही. आम्हीही ऐकलं नाही. गुरुजी म्हणाले, सेल जत्रेसाठी राखून ठेवा. मी कॅसेट फडक्यात बांधून ज्वारीच्या कणगीत ठेवली.

*

माघातली जत्रा. दुपार कलली होती. देवळापुढं मांडव, मोटारीच्या बॅटरीवरचा स्पीकर लावलेला. एका बाजूला पाटलांचा पुतण्या नवं धोतर नेसून, पखवाज मांडीवर घेऊन तयार. आमच्या बाजूला पखवाजाच्या जागेवर एक पाट. पाटावर मशीन. मशीनला गुरुजींनी हळदीकुंकू लावलेलं.

पाटील हसले. "डब्याला कुटं हात असत्यात व्हय?"

मी म्हणालो, "हात भगवानचं हायत. ऐका आधी."

स्पीकरचा माईक मशीनपुढं धरला. बटण दाबलं. रांजणातली ती गोल थाप मांडवभर झाली. गेनातात्यानं सूर लावला. माणसं सरकून सरकून पुढं आली. दोन ओळी झाल्या, तात्या उठला. पुतण्या पाटलांना म्हणाला, "आता फसणार बघा!" पखवाज थांबला. तात्या मांडवाच्या कडेला जाऊन थुंकला, धोतर सावरत परत आला, बसला, तोंड उघडलं आणि धाडकन सम! मांडवात टाळ्यांचा नुसता पाऊस. पुतण्याची मान खाली.

भजन पुढं चाललं. भगवानची आई अगदी पुढं बसली होती, मशीनकडं टक लावून. तात्या दुसऱ्यांदा उठला. पखवाज थांबला. मांडव गप्प. त्या शांततेत म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "भगवान, जेवलास का रं?"

लोक हसायला लागले. आणि स्पीकरमधून आवाज आला, "जेवलो गं आये! किती येळा सांगू?"

आणि लगेच पखवाज सुरू.

हसणारी तोंडं तशीच उघडी राहिली. तात्या थुंकायचंच विसरला. पाटील उठले, पुतण्याच्या मांडीवरचा पखवाज स्वतः उचलला, बाजूला ठेवला आणि मशीनच्या पाटाला हात लावून नमस्कार केला. मग म्हातारीकडं वळून म्हणाले, "ऐकलं का आये? जेवला म्हनतोय."

म्हातारी पदरानं नाक पुसत म्हणाली, "खोटं बोलतोय. ट्रक गेल्यावर बघितलं मी. भाकर तशीच हुती."