भिंतीवरची दोन नावं

आमचं घर वडीगोद्रीला, हमरस्त्याला लागून, तोंड पश्चिमेला. पुढच्या खोलीत बाबांचं किराणा दुकान, मागे आम्ही. लग्न ठरलं की दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीची नावं रंगवायची, ही आमच्याकडची रीत. थोरल्या बहिणीच्या वेळी रंगाऱ्याने साध्या पाण्यातल्या रंगाने नावं लिहिली होती. वर्ष सरायच्या आत ती उन्हापावसाने पुसून गेली. बाबांना ते फार लागलं. म्हणून ऐंशीच्या दशकात माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी जालन्याहून ऑइल पेंटचे डबे आणवले. त्यातल्याच लाल रंगात दुकानाचं नावही लिहून घेतलं.

"लेकीचं नाव धा वर्षं हाललं न्हाई पाहिजे," ते रंगाऱ्याला म्हणाले.

हळद तोंडावर आली आणि पलीकडून निरोप आला, की लग्न मोडलं. मुलाचं मन दुसरीकडे होतं. मी रडले, खोटं कशाला बोलू. पण त्या माणसाला मी धड पाहिलंही नव्हतं, त्यामुळे रडणं लवकर आटोपलं. खरी पीडा भिंतीची होती. समोरच एसटीचा थांबा. गाडी उभी राहिली की खिडकीतली माणसं माझं नाव त्याच्या नावासकट वाचायची, आणि मी आतून त्यांच्यावर दातओठ खायचे.

बाबांनी दुकानाचं नाव तेवढं सोडून भिंतीवर चुन्याचे दोन हात मारले. भिंत पांढरीफटक झाली, आम्हाला हायसं वाटलं. पण तेलकट रंगावर चुना धरत नाही, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक! उन्हाळ्यात भिंत तव्यासारखी तापली, चुना फुगला, आणि श्रावणात झड बसली तसे त्याचे पापुद्रे गळाले. दोन्ही नावं न्हाऊन आल्यासारखी लख्ख बाहेर. दिवाळीला बाबांनी पुन्हा चुना मारला, पुढच्या पावसात पुन्हा तेच. अधूनमधून स्थळं यायची, भिंत वाचायची, चहा पिऊन जायची. आई म्हणायची, "ही भिंत न्हाई, साडेसाती हाय." ही साडेसाती सुटल्याशिवाय माझं लग्न जमायचं नाही, असं घरात सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं.

एका दुपारी एक नवखं गिऱ्हाईक आलं आणि दुकानाचं नाव काय म्हणून विचारू लागलं. मी चिडून म्हटलं, वर लिहिलंय की. तो म्हणाला, कुठं? बाहेर येऊन पाहिलं तर खरंच, अक्षरं पार विटली होती. स्टुलावर चढून हात फिरवला तर तळव्याला गुलाबी भुकटी लागली. डबे तेच, रंगारी तोच, भिंतही तीच. फरक एवढाच, की दुकानाच्या नावावर आम्ही कधी चुना मारला नव्हता. ते रोज ऊन खात होतं. आणि जी नावं जावीत म्हणून जिवाचा आटापिटा करत होतो, त्यांच्यावर दरसाल आम्हीच सावली धरत होतो.

"बाबा, अवंदा चुना लावू नका," मी म्हटलं.

"येडी झालीस काय? येणारा-जाणारा वाचीन."

"वाचू द्या. ऊन जल्दी खाऊन टाकीन त्याला."

बाबा चार दिवस कुरकुरत राहिले. पण चुना काही आणला नाही.

पुढची दीड-दोन वर्षं मोठी जड गेली. बायका भिंतीकडे बघून माझ्याकडे बघायच्या. पण ऊन आपलं काम करत होतं. रंगाऱ्याने हौसेने त्या मुलाचं नाव लाल रंगात लिहिलं होतं आणि माझं निळ्या. लाल रंग आधी विटला, मग भुरभुरला, आणि दुसरा वैशाख संपेपर्यंत त्याची खूणही उरली नाही. निळं मात्र थोडं फिकटून तसंच राहिलं.

तेव्हाच अंबडकडचं एक स्थळ आलं. मध्यस्थाला मी आधीच बजावलं होतं, काही लपवायचं नाही. मुलाचे वडील चपला काढायच्या आधीच भिंतीपुढे थांबले. बाबा पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभे, घामाने निथळत.

"एकच नाव हाय," पाहुणे म्हणाले.

"दुसरं व्हतं. उन्हानं गेलं."

"ठाऊक हाय आम्हाला." त्यांनी मान तिरकी करून रिकामी जागा न्याहाळली. "आमच्या पोराचं नाव जरा लांब हाय. बसंन ना एवढ्यात?"

बाबा तांब्यासकट पायरीवर मटकन बसले. हसत होते आणि उपरण्याने डोळे पुसत होते. दाराआडून मी सगळं ऐकत होते. इतकं हलकं मला नंतर लग्नाच्या दिवशीही वाटलं नाही.

"बसंन की! बराबर बसंन!" बाबा म्हणाले. "आजच रंगाऱ्याला सांगतो. लालभडक लिवून घेतो!"

"लाल न्हाई!" पाहुण्यांचं भान न ठेवता मी आतून ओरडले.