वडिलांच्या इंजिनाला बसवलेला फिल्टर

नारळवाल्यानं नारळ हलवून दिला तरी मी तो पुन्हा स्वतःच्या कानाशी धरून हलवतो. तीस-बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यातला निम्मा वेळ कोण कुणाचं बघून लिहितंय हे पाहण्यात गेला, म्हणून असा स्वभाव झाला असं मी सांगतो. माझी नांदेडची बहीण म्हणते, आधीपासूनच होता.

वडील जनावरांचे डॉक्टर होते. लातूरहून देवणीपासून मुखेडपर्यंत त्यांची फिरती असायची, तीही एका जुन्या मोटारीतून. ते गेल्यावर मोटार शेडमध्ये पडून राहिली. निवृत्त झाल्यावर ती पुन्हा चालती करायचं मी मनावर घेतलं. लातूरच्या एकानं सल्ला दिला की हे इंजिन भंगारात घाला, दुसरं बसवून देतो. मी तिथून उठूनच आलो. पत्रा बदलो, गाद्या बदलोत, पण बॉनेटखाली जे सुरू होईल ते वडिलांचंच असलं पाहिजे. तो आवाज कोपऱ्यावर आला की आम्ही भावंडं पुस्तकं उघडून बसायचो. त्यांचं म्हणून माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं.

अशा इंजिनावर हात बसलेला एक मिस्त्री नांदेडला आहे असं कळलं. मोटार टेम्पोत घालून तिकडे नेली आणि मी बहिणीकडे मुक्काम ठोकला. मिस्त्री साठीचा, कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्या माणसाचं मला पहिल्यापासून वावडं आहे. त्यानं इंजिन उतरवून सुटं केलं, एकेक भाग डिझेलनं धुऊन पोत्यावर मांडला आणि म्हणाला, "सर, लई चांगलं ठिवलंय डॉक्टरसाहेबांनी. रिंगा बदलू, बेरिंगं बदलू. बाकी ह्याला नवीन काही लागत न्हाई."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, चांगलं ठेवलंय म्हणजे विकायला चांगलं. असले सुटे भाग आता मिळत नाहीत. एकाच्या मोटारीतले काढून दुसऱ्याच्या मोटारीत जातात आणि मालकाला आयुष्यभर पत्ता लागत नाही, हे मी ऐकून होतो.

मग एक दिवस मिस्त्री भाचीच्या लग्नाला धर्माबादला निघाला आणि गॅरेजची चावी त्यानं माझ्या हातात ठेवली. "तुमी हायेतच इथं, तर जरा ध्यान ठिवा."

चावी मला का दिली असेल यावर मी तासभर विचार केला. उद्या काही गायब झालं तर माझ्याच गळ्यात यावं, असा त्याचा डाव असणार, असं माझ्या हिशेबानं निघालं.

आमच्या घरून साधी वाटीसुद्धा नाव घातल्याशिवाय शेजारी जात नसे. कार्यात सगळ्या गल्लीची ताटं एकत्र झाली तरी आई आपली ताटं बिनचूक वेचून आणायची. मी तेच केलं. बहिणीच्या गल्लीत भांड्यांचं दुकान आहे, तिथून नाव घालायचं मशीन थोड्या वेळासाठी मागून आणलं. गॅरेज उघडलं आणि क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, पिस्टनचे दांडे, त्यांच्या टोप्या, जे जे हाताला लागलं त्यावर वडिलांची आद्याक्षरं कोरली. मशीन भुर्र करत होतं, बारीक भुगा उडत होता, आणि मला कितीतरी दिवसांनी शांत वाटत होतं. शेवटी फडक्यानं सगळं पुसून घेतलं. बहिणीकडे लग्न निघालंय असा दुकानदाराचा समज झाला, तो मी तसाच राहू दिला.

लग्नाहून परतल्यावर दोन-तीन दिवसांनी मिस्त्री म्हणाला, "सर, ह्याला ऑइल फिल्टर बसवू."

या इंजिनाला मुळातच फिल्टर नव्हता. तळाशी तेल साठतं तिथं एक तारेची जाळी, एवढीच काय ती व्यवस्था. ती खडा अडवेल, बारीक कचरा अडवणार नाही. पण वडिलांनी त्याच्यावर सगळा जन्म काढला होता.

"परवा तर म्हणालात, नवीन काही लागत नाही."

"तवा लागत नव्हतं."

"मग आता काय झालं?"

तो पाना पुसत राहिला. "असलेलं बरं."

हे काय उत्तर झालं? वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. याला आत काहीतरी लपवायचंय, याची मला खात्री पटली. जुनी बेरिंगं घासूनपुसून घालणार, त्यांचा चुरा होणार आणि तो गाळायला हा फिल्टर. मी नाही म्हटलं नाही, पण तीन दिवस त्याच्यासमोर स्टूल टाकून बसलो. माझी अक्षरं प्रत्येक भागावर होती, ती मी जोडणीच्या आधी तपासून घेतली.

त्यानं तेलाच्या दाबाचा काटा जिथं जोडतात तिथून एक बारीक तांब्याची नळी फाटा काढून घेतली. ती पाण्याच्या तांब्याएवढ्या फिल्टरात नेली आणि तिथून गाळलेलं तेल परत इंजिनात सोडलं. परतीच्या नळीला तेल भरायच्या झाकणात भोक लागणार होतं, तर त्यानं दुसरं झाकण शोधून आणलं आणि वडिलांचं झाकण कागदात बांधून माझ्या हातात दिलं. तरी मी दोनदा वाकून पाहिलं, इंजिनाला कुठं भोक पाडलंय का.

तिसऱ्या दमात इंजिन सुरू झालं. तोच आवाज. मला भरून आलं, म्हणून मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

निघताना मिस्त्री म्हणाला, "पाचशे किलोमीटर झाले की आणा. फिल्टर मीच उघडनार. दुसऱ्या कुनाला उघडू देऊ नका."

दुसऱ्या कुणाला का नाही? लातूरला महिनाभर मी या एका वाक्याचा कीस काढत होतो. पाचशे किलोमीटर झाल्यावर खिशात चुंबक टाकून नांदेडला गेलो. त्यानं फिल्टर उघडला, आतला घडीचा कागद कापून वर्तमानपत्रावर पसरला. कागदभर बारीक कण चमकत होते.

"बेरिंगचा चुरा आहे हा," मी खिशातला चुंबक बाहेर काढत म्हणालो. आवाज चढला होता, शेजारचे टायरवाले वळून पाहायला लागले. "जुनी बेरिंगं घातलीत तुम्ही. मी पहिल्या दिवसापासून ओळखून होतो."

"चुंबक हाय न्हवं हातात? लावा."

बेरिंगचा पांढरा धातू चुंबकाला चिकटत नाही. चुंबकाला काय चिकटतं आणि काय नाही, हे मी पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून पाठ करून घेतलं आहे. मी चुंबक खाली नेला आणि सगळे कण त्याला जाऊन चिकटले. पोलाद होतं ते.

मी चुंबकावरचे कण बोटानं चाचपून पाहिले. मिस्त्रीच बोलला, "लग्नाहून आलो तर सगळ्याईवर नाव. तीनदा धुतलं, हवा मारली. पन क्रँकच्या आत तेलाचे बारके रस्ते हायेत, तिथं भुगा बसला तर दिसत न्हाई. इंजिन सुरू झालं की त्यो तेलासंगं फिरनार. बेरिंगं खाल्ली असती, क्रँक बी गेली असती. म्हनून फिल्टर. दुसऱ्या कुनी उघडला असता तर बेरिंगं गेली म्हनून इंजिन पुन्हा खोललं असतं."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी म्हनले असते, ह्यानंच काही बिघडवलं आन् माझ्यावर ढकलून राहिला. गाडी उचलून नेली असती. दुसऱ्यानं तशीच जोडून दिली असती. डॉक्टरसाहेबांचं इंजिन गेलं असतं."

मी शब्दन्‌शब्द हेच म्हणालो असतो.

"चुकलो मिस्त्री," मी म्हणालो. शाळेत इतक्यांना माफी मागायला लावली, पण स्वतःला काही ती नीट मागता आली नाही. त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही. नवा फिल्टर हातात घेऊन त्यानं मला शेजारी बसवलं. कुठला बोल्ट आधी ढिला करायचा, रबरी रिंगेला तेलाचं बोट कसं फिरवायचं, किती आवळायचं, सगळं माझ्या हातून दोनदा करून घेतलं.

"आता साफ झालं. पुढच्या टायमाला घरीच करा सर," तो म्हणाला. "कुनाकडं नेऊ नका. दुसऱ्याचा हात लागला की तुमच्या जिवाला चैन पडत न्हाई."

चेष्टेनं म्हणाला असता तर मी हसून उडवून लावलं असतं. तो काळजीनं म्हणत होता.