हेबेर्तोच्या गाडीच्या काचा

माराकाइबोच्या उकाड्यातला माणूस एक वेळ उपाशी राहील, पण गाडीचा एसी बंद आहे हे चारचौघांत कबूल करणार नाही. त्यातला अव्वल नमुना म्हणजे एग्ला मोरानचा धाकटा भाऊ हेबेर्तो. बेया व्हिस्ताच्या रस्त्यावर शिटा भरून टॅक्सी चालवायचा. गाडी लांबलचक, बापाच्या काळातली, एसी मेलेला, आणि काचा मात्र चारही वर. रस्त्यावरच्याला वाटावं, आत काय गारवा असेल! आतली माणसं भट्टीतल्या पावासारखी भाजत. कुणी कुरकुरलं की हा म्हणे, येतोय, येतोय गारवा.

याच गाडीत एका भर दुपारी त्याची बायको नेल्व्हा चक्कर येऊन पडली. गाडी टॅक्सीच्या थांब्यासमोरून चालली होती, दोस्तमंडळी बघत होती, म्हणून या शहाण्याने काच खाली केली नव्हती. शुद्धीवर आल्यावर ती भांडली नाही की रडली नाही. बॅग भरली आणि सरळ मेरिदाला, डोंगरातल्या बहिणीकडे निघून गेली. हेबेर्तोने मनाशी पक्कं केलं, एसी सुरू झाला की बायको परत येणार. मग आला एग्लाच्या दारात.

एग्ला गाड्यांचे एसी दुरुस्त करायची. नवरा चिलीला गेला तो तिकडचाच झाला. मागे राहिली त्याची हत्यारं आणि कडुनिंबाखालची मोकळी जागा. तिने डोळे पुसले आणि हत्यारं उचलली. तोंडाने फटकळ, हाताने चोख. गिऱ्हाईक म्हणालं, "गॅस संपलाय, भरून दे," की तिचं डोकं सटके. अरे, गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे संपायला? तो पळतो. कुठून पळतो ते शोधायचं सोडून नुसता भरत राहायचं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं!

पण भावाच्या गाडीपुढे तिनेही हात टेकले. दरेक जोडाला साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा येईल तर शपथ. गॅस भरला, गार वारा आला, भाऊ शीळ घालत गेला आणि आठवडाभरात तोंड पाडून परत. दुसऱ्या खेपेलाही तेच. एग्लाला भावाची दया येत होती, पण त्याहून जास्त भावजयीची आठवण. दर रविवारी दोघी कडुनिंबाखाली गुळाचं लिंबू सरबत घेऊन बसायच्या आणि अख्ख्या गल्लीची हजेरी घ्यायच्या. आता ते सरबत एकटीने प्यायचं, त्यात काय मजा?

शेवटी ती म्हणाली, चल, तुझ्याबरोबर फेरीला येते. मागच्या शिटावर दोन बायांच्या मध्ये दाबून बसली. गारवा पुन्हा गेलेला, काचा वर. दहा मिनिटांत झगा अंगाला चिकटला. तिने पलीकडच्या काचेकडे हात नेला, तसा भाऊ आरशातून बघत हळूच म्हणाला, "ताई, काच नको. थांबा आलाय."

एग्लाने हात मागे घेतला. नेल्व्हा का गेली ते तिला त्या शिटावर बसून कळलं, आणि भावाचा असा राग आला की विचारू नका.

थांब्यावर शिटा उतरल्या. गाडी बिनक्लचची; हेबेर्तोने सवयीप्रमाणे ती गिअरमध्येच ठेवली, ब्रेक दाबून; न जाणो, रांग सरकली तर! एग्ला उतरली आणि सगळ्या टॅक्सीवाल्यांदेखत बॉनेट उघडलं. बघते तर इंजिन एका अंगाला कललेलं. खालचं रबर झिजून गेलं होतं, गिअर पडला की इंजिन कले आणि एसीचा पाइप जोडापाशी ताणला जाई. तिने बरोबर आणलेलं साबणाचं पाणी त्या जोडावर शिंपडलं, तसा उरल्यासुरल्या गॅसचा टपोरा बुडबुडा फुगला. तिच्याकडे गाडी गिअर काढून उभी असायची. इंजिन सरळ, जोड मिटलेला, मग चोर सापडणार कुठून?

"काय हेबेर्तो, आला का गारवा?" कुणीतरी ओरडलं आणि सगळा थांबा खदखदला. हेबेर्तोचे कान लाल झाले. पण ब्रेकवरून पाय काढता येईना, बहीण समोर उभी!

मग रबर नवं, पाइप नवा. एग्लाने आतली हवा खेचून काढली आणि मीटरच्या काट्याकडे डोळे लावून बसली. काटा ढिम्म हलला नाही, म्हणजे आता कुठेच गळती नाही. मग गॅस भरला. गिअरमध्ये ठेवूनही वारा असा गार सुटला की हेबेर्तोचे डोळेच भरून आले. आठवडा गेला, दुसरा गेला, गारवा टिकला. तेव्हा त्याने कडुनिंबाखाली बसून मेरिदाला फोन लावला.

एसी झाला, ये, म्हणाला. पलीकडे नेल्व्हा शांतपणे म्हणाली, "गारव्यासाठी येऊ? गारवा तर इथे फुकट मिळतो."

त्याने बहिणीकडे पाहिलं. एग्ला जवळच हत्यारं पुसत बसली होती. नुसती म्हणाली, "मी बसलेय त्या शिटावर. खरं काय ते बोल."

हेबेर्तोने फोन कानाशी घट्ट धरला. मग आवाज खाली आला. "तुला घाम फुटला होता. ओठ पांढरे पडले होते. मी आरशातून बघितलं होतं, नेल्व्हा. बघितलं, आणि तरी काच खाली केली नाही."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"स्वेटर घालून घालून वैतागलेय मी," नेल्व्हा म्हणाली. "शनिवारी बस स्टँडवर ये."