एकनाथरावांचा रेडिएटर

बरकतपुऱ्याच्या एकनाथराव पारनेरकरांना जगात दोनच गोष्टींबद्दल आदर होता. एक डिझेल इंजिन आणि दुसरे ते स्वतः. बाकी सगळ्यांची त्यांनी केव्हाच वासलात लावली होती. रेल्वेच्या डिझेल शेडमधली तीस वर्षं त्यांनी वरच्या साहेबांना 'कागदी इंजिनिअर' आणि खालच्या माणसांना 'हमाल' म्हणण्यात घालवली. एक्क्याण्णव साली देशाचे दरवाजे उघडले, तेव्हा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले होते, "आता बघा, जगातला कचरा आत येणार."

पंच्याण्णवला ते निवृत्त झाले आणि त्यांचं मत विचारायला कोणी येईनासं झालं. तरी रोज सकाळी ते अंघोळ करून कडक इस्त्रीचा शर्ट घालत, पेपरातल्या प्रत्येक बातमीला नाक मुरडत आणि साडेनऊ वाजले की उठून उभे राहत. साडेनऊला शेडची बस यायची. आता जायला ठिकाण नव्हतं. मग ते पुन्हा बसत आणि पत्नी पद्मावतीबाईंच्या वरणात काहीतरी खोट काढत.

वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेला विजय खांडकर भाड्याने राहत होता. संगणकाच्या कंपनीत होता आणि दोन वर्षांत असा काही वर आला होता की त्याने मुंबईहून एक जुनी शिडाची होडी ट्रकवर घालून हुसेनसागर तलावात आणून सोडली. एकनाथरावांच्या मते हा माजच होता. पण एक दिवस तोच विजय खाली येऊन म्हणाला, "काका, होडीचं इंजिन तापतंय. दहा मिनिटांत बंद पडतं. एकदा बघाल का?"

एकनाथरावांनी मुद्दाम दोन दिवस लावले आणि तिसऱ्या दिवशी गेले. इंजिन उघडलं आणि त्यांना मनापासून आनंद झाला, कारण आत त्यांना हवा होता तेवढा मूर्खपणा सापडला.

"अहो विजयराव, हे इंजिन बाहेरचं पाणी ओढून घेतं, ते अंगातून फिरवतं आणि मागे टाकून देतं. मुंबईचं खारं पाणी पिऊन आतून सडलंय. आता तुमच्या ह्या डबक्यातली जलपर्णी गिळतंय. इंजिनाला कोणी गटार पाजतं का?"

"मग काय करायचं?"

"रेडिएटर बसवायचा, मोटारीला असतो तसा. आतलं चांगलं पाणी आतच फिरेल आणि पंखा ते गार करेल. बाहेरच्या पाण्याची वाट कायमची बंद."

विजय खूश झाला. त्याच्या ओळखीच्यांच्या आणखी चार होड्या होत्या. "हे जमलं तर पाचही होड्या तुम्हीच सांभाळा, काका. रोज येत जा." एकनाथराव "बघू" म्हणाले. घरी येऊन मात्र त्यांनी बायकोला सांगितलं, "उद्यापासून साडेनऊला डबा लागेल." पद्मावतीबाईंना किती बरं वाटलं, ते त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

भंगारातून एका अँबॅसॅडरचा रेडिएटर आला. एकनाथराव पंधरा दिवस होडीत उकिडवे बसून काम करत होते. हाताशी यादगिरी होता. तो होडीचा राखणदार, पन्नाशीचा, सगळा जन्म तलावावर गेलेला. एकनाथरावांच्या लेखी तो पाना पकडून ठेवणारा खांब होता.

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा यादगिरीने मागे वाकून पाहिलं. "साब, पैले इधर से धुएँ के साथ पानी गिरता था. अब सूखा धुआँ आरा. पाईप तो रब्बर का है ना?"

"तेरेकू इंजिन समझता क्या?" एकनाथराव म्हणाले. "तीस साल डीजल में गए मेरे."

दुसऱ्या दिवशी त्याने तेच पुन्हा विचारलं. एकनाथरावांनी उत्तर देण्याचेही कष्ट घेतले नाहीत. रेल्वेच्या इंजिनाचा धूर लोखंडातून सरळ आभाळात जातो. होडीत धुराच्या रबरी नळीलाही गारवा लागतो आणि तो मागे टाकलेल्या त्या पाण्यानेच मिळतो, हे त्यांच्या तीस वर्षांत कुठेच आलं नव्हतं. आणि जे त्यांच्या तीस वर्षांत आलं नाही, ते जगात नव्हतंच.

रविवारी विजय, त्याची बायको सायली आणि ऑफिसातले दोन पाहुणे होडीत बसले. यादगिरी सुकाणूवर होता आणि एकनाथराव कडक शर्टात इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या काट्यासमोर बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. काटा मध्यावरून हलेना.

"बघा," ते पाहुण्यांना म्हणाले. "ह्याला इंजिनिअरिंग म्हणतात. कॉम्प्युटरवर बोटं बडवणं नव्हे."

पाहुणे कॉम्प्युटरवरच बोटं बडवत असत, ते कसनुसं हसले. तेवढ्यात सायलीला ठसका लागला. तिच्या बाकाखालून काळा धूर येत होता. इंजिन गारच होतं, काटा मध्यावरच होता, आणि धुराची रबरी नळी वितळून लोंबत होती. एकनाथराव अजून काट्याकडेच पाहत होते. यादगिरीने इंजिन बंद केलं आणि बादली बुडवून तेच डबक्यातलं पाणी नळीवर ओतलं. मग कोणाला काही न विचारता शीड चढवून होडी काठाला आणली.

"तुम्हें मालूम था?" विजयने विचारलं.

"बोला था साब. दो बार बोला," यादगिरी म्हणाला आणि दोर बांधायला गेला.

विजयने एकनाथरावांकडे पाहिलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं, त्यांना भांडता आलं असतं. पण तो सांभाळून घेत म्हणाला, "काका, ह्या उन्हातान्हात मीच तुम्हाला उगाच दगदग दिली. आता तुम्ही आराम करा." आराम हा शब्द एकनाथरावांना आयुष्यात कोणी दिलेली सगळ्यात घाणेरडी शिवी वाटला.

घरी पद्मावतीबाईंनी विचारलं, "उद्या डबा साडेनऊलाच ना?"

"नको."

"का हो? झालं का काम?"

"नळी जळाली. एका अडाण्याने इंजिन गार केलं आणि धुराची नळी विसरला. राखणदाराला कळलं, ह्याला कळलं नाही."

"असा कोण होता?"

एकनाथरावांनी शर्टाची बटणं सोडली. "होता एक. तीस वर्षं डिझेलमध्ये काढली म्हणे."

पद्मावतीबाईंनी धुऊन ठेवलेला डबा पुसला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला.