सरपंच बाहेर बसलेत

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? ज्या तोंडाने घालवलं त्याच तोंडाने सांगावं लागणार, दुसरं आणू कुठून! चहा घ्या आधी. गार झाला की आमच्या पाण्याची चव वर येते, मग मला नावं ठेवाल.

मी माजी सरपंच आहे. ‘माजी’ म्हटलं की लोकांना वाटतं, मुदत संपली असेल बिचारीची. कसली मुदत! मधेच गेली. विरोधकांनी पाडलं म्हणता? त्यांना तेवढी अक्कल असती तर काय हवं होतं! माझं मी पाडलं. साग्रसंगीत, गाव जमवून.

आमचं गाव तळोजाच्या कंपन्यांच्या मागच्या अंगाला. वारा आमच्याकडे फिरला की कालवणाचा वास कुठला आणि कंपनीचा कुठला, कळत नाही. माझं माहेर पनवेल शहरातलं. बारावी झालेली, म्हणजे गावात मी जवळजवळ वकीलच. तेव्हा बायकांना निम्म्या जागा नुकत्याच झाल्या होत्या आणि आमचं सरपंचपद बाईसाठी राखीव पडलं. पुरुषमंडळी देवळात बसली आणि विचार सुरू झाला, कोणाची बायको? ऐकलंत ना? ‘कोणती बाई’ नाही, ‘कोणाची बायको’!

आमचे हे कंपनीत शिफ्टला. बोलायला गोड, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. झालं, ठरलं! आधी मी सदस्य झाले बिनविरोध, मग सरपंच. मला विचारलं का? छे! सांगितलं. तेही चुलीपाशी.

“अगो, तू सरपंच झालीस.”

“कधी?”

“आताच. भाकऱ्या जरा जास्ती टाक, मंडळी जेवायला हायेत.”

सुरुवातीला खोटं कशाला बोलू, खुर्चीवर हे बसायचे आणि सहीला मी. गाव यांना म्हणायचं सरपंच आणि मला सरपंचीणबाई. घरात फोन वाजायचा, “सरपंचांना द्या.” मी “देते हं” म्हणून यांच्या हातात द्यायची. पनवेलला महिला सरपंचांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. विषय काय, तर महिला सक्षमीकरण! आम्ही बायका हॉलमध्ये पंख्याखाली डुलक्या घेतोय आणि नवरे बाहेर मोटारसायकलींवर. जेवणाची घंटा झाली तसे नवरे आत आले आणि आम्ही वाढायला उभ्या राहिलो. तिथे वाढपी होते हो! पण हात राहतात का?

मग विहिरीचं पाणी पिवळं पडलं. बादलीला वास, पोरांच्या अंगाला खाज. कंपनीच्या गेटवर जाऊन भांडायचं होतं. आणि हे तर त्याच कंपनीत कामाला!

“माझी नोकरी जाईल गो,” हे म्हणाले. “तूच जा.”

अशी मी सरपंच झाले बघा. खरीखुरी. कायद्याने नाही, यांच्या नोकरीच्या भीतीने. गावातल्या बायका घेऊन गेटवर ठाण मांडून बसले. टँकर सुरू करून घेतला. मग नळयोजनेमागे लागले. सहा सिटांच्या मिनिडोर रिक्षात कोंबून घेऊन पनवेलला जायची, टेबलाटेबलाशी उभी राहायची, साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगला गेलेत, साहेब कुठे गेलेत ते माहीत नाही, सगळं ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. शेवटी योजना आली. रस्ते खणले गेले, पाइप येऊन पडले. ऑफिसातल्या खुर्चीवर आता मी बसत होते आणि हे बाहेर बाकावर. एकदा तर मी यांना चक्क “जरा थांबा, काम चाललंय” म्हटलं. रात्री जेवले नाहीत, पण बाकावरून उठून खुर्चीवर काही आले नाहीत.

इथे पोटात दुखायला लागलं आमच्या उपसरपंचांच्या, बामाशेटच्या. योजनेचं पुढचं, पाइप जोडायचं काम त्यांच्या मेव्हण्याला हवं होतं. मी म्हटलं, रीतसर टेंडर भरा. रीतसर म्हटलं की काही लोकांना शिवी दिल्यासारखं वाटतं. त्यांनी तक्रार ठोकली, की सरपंचबाई नावाला, कारभार नवरा करतो, पद रद्द करा.

गंमत बघा! जेव्हा खरं होतं तेव्हा कोणाची तक्रार नव्हती. बामाशेटच यांच्या खुर्चीशेजारी बसून चहा प्यायचे. खोटं झालं तेव्हा तक्रार!

माझं पद गेलं असतं तर कारभार बामाशेटकडे आणि पाइप मेव्हण्याकडे. गावाने मग नळाला कान लावून बसायचं. म्हणून पनवेलहून चौकशीला साहेब येणार म्हटल्यावर मी काय करायला हवं होतं? चांगली साडी नेसून, सकाळपासून ऑफिसात, खुर्चीवर. बरोबर ना? शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

मी जिताडं शिजवत होते.

हसा. पण आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की खाडीचं जिताडं, आमचा मानाचा मासा, आणायचा, ही रीतच आहे. मोठ्या साहेबाला मोठं जिताडं. हे पहाटे जाऊन घेऊन आले, हातभर. सासूबाई म्हणाल्या, “सुनंच्या हातचा कालवन खाल्ला तं सायेब कागदाला कागद लावनार नाय.” आणि मी फुगले! माझ्या हातच्या कालवणाला तोड नाही, हे मीच गावभर सांगायची. ठरलं, आधी साहेबांचं घरी जेवण, मग समोरच्या ऑफिसात चौकशी.

आमच्या गल्लीत पाइपासाठी चर खणलेला, चिखल नुसता. गाडी लांब वळणावर थांबली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तर एक उंच, गोरा माणूस, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, काळा गॉगल, काखेत फाइल. आले, साहेब आले! यांनी ओटीवरच शाल घातली, नारळ दिला, खुर्ची दिली. बामाशेटही धावत आले, आपली बाजू आधी ऐकवायला.

तेवढ्यात मागच्या दाराशी एक बाई. साधी सुती साडी, घोट्यापर्यंत चिखल, चपला हातात.

“पाय धुवायला पाणी मिळेल का हो ताई?”

मला वाटलं, साहेबांबरोबरची कोणी क्लार्क असेल. पाणी दिलं. म्हटलं, “बाहेर पुरुषमंडळी आहेत, तुम्ही इथेच बसा निवांत.” ती बसली. रिकामी बसलेली बाई मला बघवत नाही. तिच्यापुढे लसूण सरकवला. “एवढा सोलता का?”

सोलला हो तिने! सोलता सोलता विचारायला लागली, पाणी कसं आहे गावात, टँकर कोणी आणला, योजनेचं काय झालं. आणि मी भाकऱ्या थापता थापता सुटले! गेट सांगितलं, मिनिडोर सांगितला, पनवेलचं टेबलन् टेबल सांगितलं. यांच्या नोकरीचंही सांगितलं. बाई ऐकतेय, मान डोलावतेय. मला इतकं बरं वाटलं, की नवऱ्यालाही जे कधी बोलले नव्हते ते तिला बोलले. म्हटलं, “खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का नाही तेच आधी कळत नव्हतं बघा.”

ती हसली. मग म्हणाली, “आणि सरपंच कुठे आहेत?”

तव्यावरची भाकरी फुगत होती. माझं लक्ष तिच्यात. आणि तोंडातून, सवयीने हो, फोन देतात तसं, गेलं,

“बाहेर बसलेत ना, साहेबांशी बोलतायत.”

बाईचा लसूण थांबला.

“कुठल्या साहेबांशी?”

“ते काय, पनवेलहून आलेत ते. चौकशीला. गॉगलवाले.”

“तो माझा ड्रायव्हर आहे,” ती म्हणाली. “चौकशीला मी आले आहे. विस्तार अधिकारी शेट्ये.”

भाकरी करपली. मी काय करपले ते विचारू नका. गाव मला सरपंच समजत नाही म्हणून जिचा रोज जळफळाट व्हायचा, तिने साहेबाला लसूण सोलायला बसवलं होतं! आणि बाहेर शाल-नारळ गॉगलला!

शेट्येमॅडम बाहेर गेल्या, मी मागे. ओटीवर काय दृश्य! ड्रायव्हर शाल पांघरून जिताड्याचं डोकं चोखतोय, हे वाटी भरतायत आणि बामाशेट हात जोडून सांगतायत, “सायेब, बाय नुसती नावाला हाय, तुमीच काय ता बघा.” ड्रायव्हर म्हणतोय, “बघू, बघू. लेखी द्या.”

मॅडमना बघून तो ताडकन उठला. शाल कालवणात.

“खाऊन घ्या तुम्ही,” मॅडम म्हणाल्या. “माझा आज गुरुवार आहे.”

म्हणजे ते हातभर जिताडंही गेलं ड्रायव्हरच्याच पोटात.

मी मनात म्हटलं, संपलं. ‘सरपंच बाहेर बसलेत’ हे सरपंचानेच सांगितल्यावर उरलं काय! पण बाई देवमाणूस. ऑफिसकडे जाताना चर ओलांडायला त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, “होतं असं. माझ्याही ऑफिसात लोक येतात आणि शिपायाला नमस्कार करतात. आत जे बोललात ना, तेवढंच तिथे बोला. बस.”

मला रडूच आलं. पण नाही रडले.

ऑफिस गच्च भरलं होतं. एका बाजूला बामाशेट आणि त्यांची माणसं, मागे दारात गावातल्या बायका. आणि काय बोलल्या हो त्या! चंद्रा वहिनी, जी नवऱ्यासमोर पदर तोंडातून काढत नाही, ती पुढे होऊन म्हणाली, “टँकर हिनी आनला. गेटवर हीच बसली. हिचा घोव तं तवा घरान लपला व्हता!” अख्खं ऑफिस हसलं. आमचे हे छताकडे बघत राहिले. दुसरी बोलली, तिसरी बोलली. बामाशेटनी घाम पुसला. अहो, जिंकले होते मी! मॅडमनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

“आता फक्त सरपंचांनी सांगायचं,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कोणी बोलायचं नाही. ताई, या गावचा कारभार तुम्ही स्वतः करता की तुमचे पती? तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

समोर गावातली वडीलधारी माणसं, चुलतसासरे, दीर. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. माझा हात आपोआप पदराकडे गेला. उत्तर तोंडात तयार होतं. दोन शब्दांचं होतं, मीच करते. मी उभी राहिले, घसा खाकरला, बाकावर बसलेल्या यांच्याकडे वळले आणि म्हणाले,

“अहो, सांगा ना तुम्ही!”