पुढच्या वर्षाच्या मापाची हार्ड डिस्क

मी शाळेचे गणवेश शिवते. जुळे सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत दोन मशिनं आहेत. पोराचं माप घेतलं की त्यात दोन इंच मिळवायचे आणि आत दुमड सोडायची, हे माझ्या हाताला सांगावं लागत नाही. आया "वाढत्या अंगाचं शिवा हं" म्हणेपर्यंत माझी कात्री चाललेली असते.

त्यामुळे लेकीच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलायची वेळ आली, तेव्हा मी सोबत गेले हीच चूक झाली.

लॅपटॉप जुना घेतलेला होता. त्याच्यावर तिला घरबसल्या काम लागलं होतं, कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना लिहून उत्तरं द्यायचं. पहिला महिना पारखणीचा. पण लॅपटॉप म्हणजे नुसता दगड! सकाळी सातला चालू करून ठेवला तरी नऊनंतर एकेक पान उघडायला जीव खायचा. समोरचं गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं. शेवटी कंपनीतल्या वरच्या बाईंनी सांगितलं, या आठवड्यात सुधारणा दिसली नाही तर महिनाअखेरीला काम बंद. तिचा बाप गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. हे काम पोरीनं कुणाच्या ओळखीशिवाय मिळवलेलं.

रविवारी नव्या पेठेतल्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन डिस्क पुढं ठेवल्या. एक नेहमीची, आत तबकडी फिरणारी, एक टीबीची. दुसरी एसएसडी. जागा पहिलीच्या चौथाई, पण लॅपटॉप पळणार म्हणाला. किंमत जवळजवळ सारखीच.

"त्याच पैशात चौपट जागा सोडून ही टिचभर कोण घेईल?" मी म्हणाले. "मी काय येडी हाय का?"

"आई, मला स्पीड पायजे गं," लेक हळूच म्हणाली.

"आज पायजे. उद्या काम वाढलं, जागा पुरंना झाली, मग? मोठीच घाला भाऊ." एवढं फर्मान सोडून मी बाहेर रिक्षा बघायला गेले.

नवी डिस्क बसली. जुन्या डिस्कची टकटक थांबली, बाकी ये रे माझ्या मागल्या. पडद्यावरचं चक्र गरगरतच होतं. बुधवारी दुपारी मशीन थांबवून कानोसा घेतला, तर पलीकडच्या खोलीत टायपिंगचा आवाज नाही. जाऊन बघते तर पोरगी हात मांडीवर ठेवून बसलेली आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. मला बघून म्हणाली, "काई न्हाय आई, डोळे चुरचुरतायत."

माझं डोकंच फिरलं, तेही दुकानदारावर. तिचं काम संपल्या संपल्या लॅपटॉप पिशवीत घातला आणि एकटीच गेले. "फसवलंत की आमाला," म्हणून सुरुवात केली ती थांबलेच नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "ताई, तुमी रिक्षा बघायला गेला, तवा मी पोरीला इचारलं हुतं. छोटीच घालू का, म्हणलं. ती म्हणाली, नको काका. आईला वाटंल, तिला काई कळत न्हाय. मोठीच घाला, मी भागवीन."

मी भागवीन. पहिलीत तिचा फ्रॉक पोटरीपर्यंत होता. बाह्या बोटांवर यायच्या, त्या दुमडून ती अक्षर गिरवायची. शाळेत हसले असतील तिला, मी कधी विचारलंसुद्धा नाही. उलट, माझी पोरगी कशालाच नको म्हणत नाही, असं शेजारणींना कौतुकानं सांगायची. मला फार वाईट वाटलं. स्वतःची लाज वाटली. "छोटीच घाला," म्हणाले, दुकानदाराकडं स्टूल मागितलं आणि तिथंच बसले.

त्यानं एसएसडी बसवली, सगळं त्यात भरलं. मोठीला बाहेरून जोडता यावी म्हणून एक डबी आणि वायर लावून दिली. जास्तीचं सामान लागेल तसं हिच्यात ठेवा, म्हणाला. तास-दीड तास गेला.

महिनाअखेरीला कंपनीनं लेकीला ठेवून घेतलं, ते नंतरचं. त्या दिवशी मी घरी आले तेव्हा ती दारातच उभी होती.

"आई, बदललीस?"

"व्हय," मी म्हणाले. चप्पलही काढली नव्हती. "मला त्यातलं काई कळत न्हाय गं. तू बरोबर हुतीस."

इतक्या वर्षांत असं मी तिला कधी म्हणाले नव्हते. तिनं पिशवी हातातून घेतली, लॅपटॉप उघडला, शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बस. दाखवते."